सगुणदादांची चेडवां

सगुणदादा कुत्रा बघत नसत, ऐकत असत. पिल्लू उचलायचं, मान तिरकी करायची आणि त्याचं चपटं नाक स्वतःच्या उजव्या कानाशी धरायचं. उजव्याच, कारण डावा कान नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जच्या इंजिनाने कधीच खाल्ला होता. त्या वेळी अंगणात कुणी तोंड उघडलेलं त्यांना खपत नसे. त्यांची बायको, आमच्या काकी, विहिरीवर असल्या तर भरलेली कळशी हातात धरून तशाच उभ्या राहत. मग पिल्लू खाली ठेवून निकाल यायचा.

"ह्या चेडवाचा इंजीन चोख असा."

किंवा, "हेचा जरा घासता. ह्या मी कोणाक देवचंय नाय, हयच ऱ्हवांदे."

चेडू म्हणजे मुलगी. पिल्लू नर असो की मादी, सगुणदादांच्या लेखी सगळी चेडवांच.

त्यांचं घर गोव्यात, चोपड्याला, शापोरा नदीच्या काठावर. बुलडॉगची पिल्लं विकणारा माणूस म्हटल्यावर मी मनात काहीतरी निराळं धरून गेले होते. उंच फाटक, इंग्रजी पाटी, चकाचक पिंजरे. तिथे होती खाकी अर्धी चड्डी, उघडं अंग आणि खिशात एक मऊ चिंधी. बुलडॉगच्या तोंडावर घड्या असतात, त्यांत ओल साचते, आणि पुसली नाही तर कातडी खराब होते. सगुणदादा चालता चालता चिंधी काढत, समोर येईल त्या कुत्र्याच्या घड्या पुसत आणि बोलणं न थांबवता पुढे जात. वीस-बावीस वर्षं बार्जच्या इंजीनरूममध्ये काढलेला माणूस. तेलकट नळी पुसावी तशी ते कुत्र्याची थोबाडं पुसत.

माणसांनाही ते सोडत नसत. पहिल्याच भेटीत, मी सोप्यावर बसून दोन मिनिटं झाली नसतील, ते म्हणाले, "बाय, तुजी डावी नाकपुडी बंद असा. न्हानपणी पडलं व्हतंस?"

मी खरोखरच पडले होते. हायस्कूलच्या जिन्यावरून.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी डिचोलीची. औषधांच्या कारखान्यात केमिस्ट आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा दोडामार्गाकडून क्लीनर म्हणून आले, मग ड्रायव्हर झाले, मग खनिज वाहणाऱ्या स्वतःच्या टिपर ट्रकचे मालक. मला या सगळ्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पुढे जे झालं ते त्या अभिमानानेच केलं.

खाणी बंद पडल्या तसा बाबांचा टिपर अंगणात उभा राहिला तो राहिलाच. मग आई गेली. बाबा बोलायचे थांबले. पुढच्या खोलीत खुर्ची टाकून ते त्या टिपरकडे बघत बसत. एकदा टीव्हीवर चपट्या तोंडाचा कुत्रा दिसला आणि बाबा अचानक म्हणाले, "आमोण्याच्या धक्क्यार एका बार्जीर अश्शी कुत्री होती. आमी माल खाली करूक लायनीत असायचो, ती आमच्याकडे बघित बसायची. बार्जवाल्या सगुणाची." कित्येक महिन्यांत बाबा एका दमात एवढं बोलले नव्हते. मी त्याच आठवड्यात सगुणदादांचा पत्ता काढला.

पण सगुणदादा पिल्लू दाखवीनात. आधी प्रश्न.

"घरात कोण कोण?"

"मी आणि बाबा."

"दिसाचो घरात कोण?"

"बाबाच. ते कुठे जात नाहीत."

"विहीर असा?"

"आहे."

"लाईट जाता?"

"सगळ्यांची जाते तेवढी."

"घराक कौलां काय पत्रे?"

आमचं स्वयंपाकघर कौलारू आहे. पुढची खोली मात्र पत्र्याची. टिपर जोरात चालू होता तेव्हा बाबांनी ती घाईघाईत वाढवली होती, 'सध्या पत्रे घालूया, मागीर बघू' म्हणून. ते 'नंतर' कधी आलंच नाही. कॉलेजातली एक मैत्रीण एकदा घरी आली होती, वर बघून 'किती गरम होतं गं' म्हणाली, त्यानंतर मी कुणाला घरी बोलावलं नाही. सगुणदादांनी विचारलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस कुत्र्याबद्दल विचारतच नाही, माझी पायरी विचारतोय.

"कौलं," मी म्हणाले.

"बरा. आयतवारी येतंय घर बघूक. दुपारचे दोनाक."

चहा आणि उंडो, म्हणजे गोल पाव, घेऊन आलेल्या काकी हसल्या. "येवन काय करतत म्हायत असा? कुत्रो खंय झोपतलो ता विचारतत आणि थंय सोता आडवे होतत. शर्ट काडून. तासभर."

त्यांनी एक गोष्ट सांगितली. किनाऱ्याकडच्या एका बंगल्याच्या मालकाला पिल्लू हवं होतं. बंगल्यात संगमरवर, प्रत्येक खोलीत एसी. सगुणदादा दुपारी दोनला त्या संगमरवरावर उघड्या पाठीने पडले. नोकर दारातून डोकावून बघत होते. एका तासाने उठले, शर्ट घातला आणि पिल्लू देत नाही म्हणून आले. मालक गाडी घेऊन चोपड्यापर्यंत भांडायला आला. "अहो, कमी काय आहे माझ्याकडे?"

"जमीन थंड असा," सगुणदादा म्हणाले. "पण तासाभरात तुज्या घरात एक मनीस दुसऱ्याकडे बोलूक नाय. माजा चेडू थंय कोणाचो आवाज आयकतला?"

मी हसले. पण रविवारी दोन वाजता हा माणूस आमच्या पत्र्याखाली आडवा होणार. तेव्हा मी ते वाक्य बोलले. आज लिहितानाही मला ते ठसठशीत ऐकू येतं.

"दादा, मी बी.एस्सी. झालेय. कारखान्यातून औषधाची एक पेटी माझ्या सहीशिवाय बाहेर पडत नाही. तुमचा माझ्या शब्दावर विश्वास नाही का?"

सगुणदादांनी खिशातून चिंधी काढली आणि स्वतःचेच हात पुसले. ते तिसरीपर्यंत शिकलेले. बार्जच्या वहीत त्यांच्या नावापुढे दुसराच कुणीतरी सही करी.

"तुजी सय चलता?"

"चालते."

"औषदार?"

"हो."

"मगे माका येवची गरज नाय."

काकी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत घर न बघता त्यांनी पिल्लू दिलं नव्हतं. मला मात्र जिंकल्यासारखं वाटलं.

पिल्लू त्यांनी ओटी भरून दिलं. खरीच ओटी: नारळ, मूठभर तांदूळ, आणि ओल्या टॉवेलात गुंडाळलेली ती जाडजूड, सुरकुतलेली, घोरणारी मुलगी. "नाव सासरी ठेवतत," ते म्हणाले. "पाचव्या दिसा पाचपरतावणाक हाड." हाड म्हणजे घेऊन ये. आमच्याकडे लग्नानंतर पाचव्या दिवशी नवी नवरी माहेरी येते, ते पाचपरतावण. कुत्र्याचं पाचपरतावण मी पहिल्यांदाच ऐकत होते.

निघताना त्यांनी तिचं नाक माझ्या कानाशी धरलं. "आयक. ह्या घुर्र घुर्र करता ती तेची भास. तेका भियाव नको. पण शीं अशी शिट्टी वाजली काय फोन कर. येळ बघू नको."

घरी बाबांनी तिला मांडीवर घेतलं आणि न विचारता नाव ठेवलं: बेला. कुठून आणलं विचारलं तर नुसते हसले. तीन दिवस घरात बोलणं होतं. "बेला, ता चप्पल सोड." "बेला, शाणी ती माजी." संध्याकाळी कामावरून येताना फाटकापासूनच मला बाबांचा आवाज ऐकू येई.

चौथा दिवस. एप्रिलची दुपार. दीडच्या सुमाराला कारखान्यात बाबांचा फोन आला. "लाईट नाय सकाळसून. बेला कशी तरीच करता गो."

मी स्कूटर कशी चालवली मला आठवत नाही. घरात पाऊल टाकलं आणि डोक्यावर तवा धरल्यासारखी झळ लागली. पुढच्या खोलीत बेला चारी पाय पसरून पोटावर पडली होती. जीभ बाहेर, डोळे अर्धवट, आणि घशातून तो आवाज. शीं. शीं. शीं. बाबा बाजूला बसून हाताने वारा घालत होते. गुरांच्या डॉक्टरांना फोन केला, ते नार्वेला एका गोठ्यात होते, यायला तास लागेल म्हणाले. मग मी चोपड्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"दादा, मी डिचोलीची..."

"आवाज कित्याक कापता तुजो? चेडू काय करता?"

"शिट्टी वाजतेय."

"फोन तेच्या नाकाकडे धर. कोण बोलू नकात."

मी धरला. दहा-बारा श्वास ते नुसते ऐकत होते.

"खंय असा ता?"

"पुढच्या खोलीत."

"जमिनीक हात लाव. कशी लागता?"

"गरम."

"कौलांखाली जमीन गरम कशी?"

बाबांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मग वर पत्र्यांकडे, मग परत माझ्याकडे. बेलाची शिट्टी चालूच होती. प्रत्येक शिट्टीबरोबर माझ्या हातातला वेळ कमी होत होता.

"दादा, कौलं नाहीत. पत्रे आहेत. मी खोटं सांगितलं."

  ते बोलले ते अगदी सपाट आवाजात, बार्जवर इंजीन बंद पडल्यावर बोलत असतील तसे.

"ता मागसून. आता आयक. तेका भायर काड. तुमच्या अंगणात सगळ्यात थंड माती खंय असा?"

मला सांगता येईना. जन्म गेला त्या अंगणात, पण माती कुठे थंड असते ते मला ठाऊक नव्हतं. बाबा म्हणाले, "टिपराखाली. विहिरीचा पाणी थंय झिरपता."

आणि खाणी बंद पडल्यापासून ज्या टिपरला त्यांनी हात लावला नव्हता, त्याच्याखाली बाबा बेलाला छातीशी धरून सरपटत गेले. पाठीवर, कोपरांवर, ग्रीस मारायला जात तसे. मी विहिरीचं पाणी काढून आत सरकवलं आणि फोन चाकाजवळ ठेवला.

"बर्फ नको. पाणी पोटार, मांड्यांत, पायांच्या गाद्यांक. तोंडात ओतू नको, ओठ फकत ओले कर. पुठ्ठ्यान वारो घाल. आणि बाय, तू मोज. मोठ्यान मोज. माका आयकाक येवक होया."

मी घड्याळ लावून मोजू लागले. पहिल्या मिनिटाला शंभराच्या पुढे मोजताच आलं नाही, आकडे एकमेकांवर चढले. "परत," सगुणदादा म्हणाले. पंच्याण्णव. "परत." नव्वद. मग पुन्हा शंभर. बाबांचा हात थांबला. "वारो घाल रे!" फोनमधून आवाज आला, पुठ्ठा थांबलेला त्यांना चोपड्यात बसून कळला. "परत."

ब्याऐंशी.

"हिरडी बघ. रंग काय?"

"जांभळट आहे."

"पाणी घाल. परत मोज."

सत्तर. एकसष्ट. शीं विरत गेलं आणि त्याखालून, फार दुरून यावी तशी, घुर्र ऐकू आली. मी काही बोलण्याआधीच फोनमधून मोठा निःश्वास आला.

"इली घुर्र," सगुणदादा म्हणाले. मग जरा थांबून, "नाव काय ठेवलात?"

टिपरखालून बाबा बोलले, "बेला."

"कोणी ठेवला?"

"मी. आमोण्याच्या धक्क्यार तुमची होती मा, तिचा. तुमी बार्जीरसून हाक मारायचात, आमका ट्रकांत आयकाक येयचा."

पलीकडे स्कूटरची किल्ली वाजली.

"येतंय मी," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

ते येईपर्यंत बाबा टिपरखालून बाहेर आले नाहीत. तिथूनच, बेलाच्या पोटावर ओला हात ठेवून, त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. म्हापशाचं एक कुटुंब पोर्तुगालला कायमचं गेलं. त्यांनी मागे टाकलेली बुलडॉग कुत्री सगुणदादांनी बार्जवर आणली. नाव तिच्याबरोबरच आलं. एका मे महिन्यात धक्क्यावर बार्जांची रांग लागली होती. सगुणदादा खाली इंजीनरूममध्ये, कुत्री वर डेकवर. डेक लोखंडाचा. इंजीनच्या आवाजात खाली काही ऐकू आलं नाही. वर आले तेव्हा ती लोखंडावर पसरली होती.

"आमी सगळे ट्रकवाले बघी होतो," बाबा म्हणाले. "तेणी तिका उचलल्यान आणि कान लायल्यान. किती येळ कान लावन बसलो होतो तो."

मग ते म्हणाले, "आणि तू तेका कौलां सांगलंस."

एवढंच. बाबा माझ्यावर कधी ओरडले नाहीत, त्या दिवशीही नाही.

सगुणदादा सव्वा तासात आले. स्कूटरच्या मागे मासळीचा थर्माकोलचा खोका, त्यात ओला टॉवेल. त्यांनी सगळ्यात आधी वर पत्र्यांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. मग तेही टिपरखाली गेले. मला बाहेरून फक्त चार पाय दिसत होते, बाबांचे आणि त्यांचे, दोन्ही भेगाळलेले. आत ते हळू आवाजात काय बोलले ते मला समजलं नाही. मध्येच दोघंही गप्प झाले, तेव्हा मी ओळखलं की कान नाकाला लागला आहे. डॉक्टर आले, तपासलं, सुई दिली आणि निभावलं म्हणाले.

मग सगुणदादांनी बेलाला खोक्यात ठेवलं.

"उद्या पाचपरतावण," ते बाबांना म्हणाले. "मी एक दिस आदी व्हरतंय."

"परत कधी...?" बाबांना पुढे विचारता आलं नाही.

"पत्र्याखाली माजा चेडू ऱ्हवाचा नाय."

स्कूटरला किक मारण्याआधी ते माझ्याकडे वळले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "तुज्या सयेर मी भरवसो ठेवलंय गो," आणि गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा खुर्चीवर नव्हते. माडाखाली बसून झावळ्या विणत होते. दोडामार्गात लहानपणी शिकलेलं काम. बोटं आधी अडखळत होती, मग चालू लागली. मी कामाला जायच्या आधी आणि आल्यावर त्यांच्या शेजारी बसले. माझे तळवे फाटले. बाबांनी पत्र्यांच्या वर वीतभर अंतर सोडून बांबूचा सांगाडा बांधला, त्यावर विणलेल्या झावळ्या दाट अंथरल्या, पुढे मांडव काढला, खोलीला मागच्या भिंतीत खिडकी पाडली. चोपड्याला फोन करायचं धाडस दोघांपैकी कुणाला झालं नाही. "तेका कळात," बाबा म्हणत. कसं कळणार, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी एकदाच फोन केला, काकींना, आणि "बाबा झावळ्या घालतायत" एवढं सांगून ठेवून दिला.

सगुणदादा गेल्या वर्षी गेले. त्यांचं चोपड्याचं घर आता बंद असतं, आणि त्यांची शेवटची दोन म्हातारी कुत्री काकींनी आपल्याबरोबर माहेरी नेली. मधल्या वर्षांत मी त्यांना कितीदा भेटले, किती बोलणी खाल्ली, किती हसले. पण त्यांची आठवण काढली की मला दिसतो तो मे महिन्यातला एक रविवार.

दोन वाजले होते. लाईट नव्हती. स्कूटरचा आवाज आला. सगुणदादा आत आले, थर्माकोलचा खोका उंबऱ्याशी ठेवला, पण उघडला नाही. पाणी विचारलं तर हातानेच नको म्हणाले. "खंय झोपता ती?" बाबांनी खुर्चीच्या डाव्या बाजूची जागा दाखवली. सगुणदादांनी शर्ट काढून खिळ्याला लावला आणि त्या तांबड्या जमिनीवर उघड्या पाठीने आडवे झाले. डोळे मिटले.

मी आणि बाबा दारात उभे. खोक्यात बेला नखांनी ओरबाडत होती. दहा मिनिटं झाली, वीस झाली. त्यांच्या कपाळावर घाम फुटला तेव्हा बाबांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की मला कळ आली. मी मांडवाच्या झावळ्यांकडे बघत होते. मग त्या माणसाचा उजवा कान जमिनीकडे वळला, तोंड किंचित उघडलं आणि घुर्र घुर्र असा संथ, जाड आवाज खोलीत सुरू झाला. सगुणदादांना झोप लागली होती. खोक्यातलं ओरबाडणं थांबलं.

तासाने ते उठले. शर्ट घातला, बटणं लावली, सगळी, एकेक करून. बाबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. खोका उघडून बेलाला जमिनीवर सोडलं, चिंधीने तिच्या तोंडाच्या घड्या पुसल्या आणि ती चिंधी माझ्या हातात दिली.

"पाचव्या दिसा हाड," ते म्हणाले.

रिकामा खोका स्कूटरला बांधून ते फाटकाबाहेर पडले. मी वळून आत पाहिलं. तांबड्या जमिनीवर त्यांच्या पाठीचा घामाचा ओला ठसा उमटला होता, खांद्यांपासून कमरेपर्यंत. बेला त्याच्याभोवती एकदा फिरली, नाक लावलं आणि त्या ओल्या जागेवर, बरोबर मधोमध, पोट टेकून झोपली.